पंधरा मिनिटांत भरायचा अर्ज

पान १. उरलेला वेळ १४:५९

दादा माझा थोरला भाऊ. तीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले. आता हात इतके कापतात की चहासुद्धा नळीने पितो. रोज सकाळी सरकारकडून एक सेविका येते, त्याला अंघोळ घालते, दिवसाचं जेवण करून ठेवते. ती येते म्हणून तो स्वतःच्या घरात राहतो. त्यासाठी दरवर्षी अर्ज. अर्ज चुकला की सेविका बंद आणि एकट्या माणसाची रवानगी शहराबाहेरच्या निवासगृहात.

त्या अर्जाची वेबसाइट मी नव्याने बांधली.

"अक्षरं कुणी काढली रे ही? सगळी उपाशी दिसतायत," दादा म्हणाला होता.

मी अक्षरं जाड केली. बटणं मोठी केली.

पान २. उरलेला वेळ ०९:१२

चाचणीला सहा जण बोलावले होते. सगळ्यांत संथ दादा. शेजारी घड्याळ लावून मी. मदत करायची नाही, हा नियम माझाच. तेराव्या मिनिटाला तो संमतीच्या पानावर पोचला. बाण चौकटीभोवती थरथरत फिरत होता. आत जाईना. मला बघवेना. माऊस घेतला, दोनदा दाबला: चौकटीत खूण, मग 'पाठवा'.

"झालं बघ!"

दादाने रिकामा हात मांडीवर घेतला.

तक्त्यात लिहिलं: सर्वांत संथ, चौदा मिनिटं. खाली सही केली. त्यावरून मर्यादा ठरली, पंधरा. पंधरा झाली की भरलेलं सगळं पुसलं जातं.

पान ३. उरलेला वेळ ०४:३०

शेवटच्या तारखेला सकाळी फोन केला. "दादा, येऊ का भरायला?"

"काही नको. मागच्या वेळी हातातून माऊस हिसकावलास. कुकुलं बाळ आहे का मी? माझं मी भरतो."

मला बरंच वाटलं. साइट जमली म्हणायची.

पान ४. संमती. उरलेला वेळ ००:००

आपला वेळ संपला आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा.
आपला वेळ संपला आहे. कृपया पुन्हा
आपला वेळ

दुसऱ्या दिवशी ऑफिसात विभागप्रमुख मॅडमनी नोंदी दाखवल्या. "हा कोण महाभाग? अकरा वेळा उघडलाय अर्ज. चाळा असणार. अहवालातून काढून टाक."

अर्जाचा क्रमांक दादाचा होता.

"मॅडम, माझा भाऊ आहे तो. त्याला वेळ पुरला नाही."

"चौदा मिनिटांत भरलाय की चाचणीला. सही कुणाची आहे ही?"

"माझी. शेवटचं पान मीच दाबलं होतं."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी दे."

दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, फायलीत ठेवलं. "पुढच्या वर्षी मर्यादा वाढवू. यंदाची मुदत गेली ती गेली."

आठवड्याने निवासगृहाची गाडी आली. दादाला दोघांनी धरून आत बसवलं.

"अकराव्या वेळी शेवटच्या पानावर होतो," तो म्हणाला. "किती राहिलं होतं रे?"

नोंद मी पाहिली होती. चौकटीत खूण झाली होती. फक्त 'पाठवा' दाबायचं राहिलं होतं.

"बरंच," मी म्हणालो.

"मग जाऊ दे," दादा म्हणाला.