पोटात जागा बावीस जीबी

मित्रांनो, माझे वय विचारू नका. माझ्या जोडीची केबल आता मसाका शहराच्या बाजारात शोधूनही सापडत नाही, एवढ्यावरून काय ते समजा. मी एक जुनी, ऐंशी जीबीची, तळहातात मावणारी हार्ड डिस्क आहे. माझ्या काळ्या डबीचा एक कोपरा उडाला आहे आणि सुरू होताना मी जराशी कण्हते. पण एकदा फिरू लागले की काम चोख करते. हे माझे मलाच सांगावे लागते, कारण डिस्कचे कौतुक करायला कोणाला सवड नसते.

कारखान्याचे मला फारसे आठवत नाही. लख्ख उजेड होता आणि माणसे तोंड झाकून काम करत होती. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते नांतोंगो बाईंच्या हाती पडल्यावर. त्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या एका बेटावर शाळेत शिकवतात. दर शुक्रवारी शाळा सुटली की फणसाच्या झाडाखाली बेटावरची म्हातारी माणसे पोरांना गोष्टी सांगत. बाई छोट्या कॅमेऱ्याने ते सारे टिपत आणि संध्याकाळी माझ्या स्वाधीन करत.

त्या सगळ्यांत गाजलेला म्हणजे सालोंगो. जुळी झाली की आमच्याकडे बापाला सालोंगो आणि आईला नालोंगो म्हणतात, मग त्यांची मूळ नावे कोणी घेतही नाही. हा सालोंगो सशाची गोष्ट सांगताना स्वतःच आधी हसत सुटायचा. पोरे त्याच्या हसण्याला हसायची आणि ससा बिचारा अर्ध्या वाटेत राहायचा. अशा गोष्टी साठून साठून माझ्या पोटात अठ्ठावन्न जीबी झाल्या. ते दिवस माझ्या वैभवाचे होते. बाई मला मऊ फडक्यात गुंडाळून न्यायच्या आणि कोणी हात लावला तर डोळे वटारायच्या.

पुढे सालोंगो वारला. झाडाखालच्या बैठका थांबल्या. मी दोन वर्षे खडूंच्या कपाटात धूळ खात पडले. एका मास्तरांनी तर मला डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवले होते! काय बोलणार, मित्रांनो? मला तोंड नाही.

मग एके दिवशी शाळेला कंपालातल्या एका ऑफिसातले बारा जुने संगणक मिळाले आणि माझी पुन्हा आठवण झाली. अकरा संगणक बेटावर पोचले. बारावा बाईंनी माझ्यासकट मसाकाला लुबेगाच्या दुरुस्तीच्या दुकानात आणला. लुबेगा त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने या एका संगणकावर सगळे प्रोग्राम आणि धडे बसवले. आता त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलीत आवळायची, ती माझ्या पोटात घालायची आणि बेटावर जाऊन उरलेल्या अकरांवर उतरवायची. या नकलेला ते इमेज म्हणतात. बुधवारी दोन वाजता बोट सुटणार होती आणि पुढच्या सोमवारी पोरांची संगणकाची परीक्षा होती.

माझ्या पोटात जागा उरली होती बावीस जीबी. इमेज त्यात मावली नाही, तर सालोंगोला पुसावे लागणार होते. लुबेगाच्या मशीनवर एका वेळी एकच इमेज राहील एवढीच जागा होती, बाराव्या संगणकावरही अठ्ठावन्न जीबी मावत नव्हते आणि त्या गोष्टींची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

लुबेगाकडे इमेज आवळणारे तीन प्रोग्राम होते. तिन्ही फुकटचे आणि खुले, म्हणजे आतली घडण कोणीही उघडून पाहावी, सुधारावी असे. जो सुसाट पळायचा त्याला त्याने बोडाबोडा हे नाव ठेवले होते. आमच्याकडच्या भाड्याच्या मोटरसायकलींना म्हणतात तसे. जो रेंगाळत, पण घट्ट आवळायचा, ती फेरीबोट. मधला तो मिनीबस. सोमवारी सकाळी शर्यत सुरू झाली. बाई फुटक्या पाटीवर आकडे लिहीत होत्या.

"मादाम, बोडाबोडाने एकसष्टवर आणलं! पन्नास मिनिटांत!"

"आणि जागा किती आहे?"

"बावीस."

"मग ते पन्नास मिनिटांत आणलं काय नि पन्नास सेकंदांत आणलं काय?"

मिनीबसने दीड तास घेऊन चोपन्न केले. शेजारच्या चपातीवाल्याने मिनीबसची बाजू घेतली होती. तो तोंड पाडून आपल्या तव्याकडे परतला. मंगळवारी फेरीबोट सुटली. मध्ये वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. शेवटी पाच तासांनी आकडा आला सत्तेचाळीस.

लुबेगाने डोके खाजवले. "मादाम, आता एकच उपाय. डिस्कवरचं जुनं पुसू या."

"जुनं नाही रे ते. सालोंगो आहेत ते."

"मलाही कळतंय. मीही त्यांच्याच गोष्टी ऐकून मोठा झालो ना?"

"मग त्यांनाच आवळ ना थोडं."

"व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, मादाम. पिळलेलं फडकं पुन्हा पिळून पाणी निघत नाही."

मित्रांनो, मी भ्याले. पुसले जाणे काही दुखत नाही. पण त्यानंतर मी नुसता एक रिकामा डबा झाले असते आणि सालोंगोचे हसणे कोणाच्याच कानी पडले नसते.

बुधवारी सकाळी नालोंगो दुकानात आली. सालोंगोची बायको. ती सरोवरातले बोटभर लांबीचे मुकेने मासे सुकवून मसाकाला विकायला आणते. गोण्या विकून ती सरळ आमच्याकडे आली आणि स्टुलावर बसली.

"पुसायचंय म्हणे माझ्या नवऱ्याला. पुसा. पोरांची परीक्षा मोठी. पण एकदा आवाज ऐकवा."

लुबेगाने मला जोडले. सालोंगो बोलू लागला, हसू लागला. नालोंगोही हसली. "मेला! कधी एक गोष्ट धड पुरी केली नाही," असे म्हणत तिने डोळे पुसले. मग तिची नजर पाटीवर गेली.

"हे काय लिहिलंय?"

"तीन जणांनी किती घट्ट आवळलं ते," बाई म्हणाल्या. "एकसष्ट, चोपन्न, सत्तेचाळीस."

"आणि मशीनमध्ये आहे किती?"

"आमचं सामान सव्वीस जीबी."

नालोंगोच्या भुवया वर गेल्या. "सव्वीसचा माल आवळून सत्तेचाळीस होतो? लुबेगा, अरे, गोणीत वाळू आहे!"

"वाळू कुठली, नालोंगो? ऑफिसवाल्यांचं होतं नव्हतं ते सगळं मी पुसलंय."

"पुसलं म्हणजे बाहेर टाकलं का? आमच्याकडची आळशी माणसं मुकेने वाळूतच वाळवतात. मग गोणी कितीही तुडवा, मासा बसतो, वाळू काय बसते? मी आधी झाडते, मग तुडवते."

लुबेगा उभाच राहिला. त्याच्या उस्तादाची शिकवण होती की डिस्कवरचा कण न् कण उचलायचा, निवड करायची नाही. नाहीतर लग्नाचा एखादा फोटो राहतो आणि गिऱ्हाईक दुकानात ठाण मांडते. म्हणून तो रिकामी जागाही उचलत होता. आणि ती जागा रिकामी नव्हतीच! पुसलेल्या फाइलींची फक्त यादीतली नावे जातात. ऑफिसातला जुना पसारा तिथेच पडून होता आणि तिन्ही बिचारे प्रोग्राम दोन दिवस तो तुडवत होते.

"मादाम, मी गाढव आहे," लुबेगा म्हणाला.

"ते मी तुला चौथीतच सांगितलं होतं. आता हात चालव."

त्याने रिकाम्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शून्ये लिहिली. शून्ये आवळायला सोपी. 'इथे इतकी कोटी शून्ये' एवढे नोंदवले की झाले. तास गेला. मग बोडाबोडा सोडला, कारण फेरीबोटीला आता वेळच नव्हता. बाई खडू धरून उभ्या. चपातीवाला तवा सोडून आला. आकडा आला वीस!

वीस जीबी माझ्या पोटात उतरले आणि सालोंगोच्या केसालाही धक्का लागला नाही. लुबेगाने बाईंना आणि नालोंगोला मोटरसायकलीवर घालून धक्क्यावर पोचवले. मी नालोंगोच्या मांडीवर होते. अंगाला मासळीचा वास लागला, पण त्या दिवशी तो मला अत्तरासारखा वाटला.

बेटावर अकराही संगणक सुरू झाले. सोमवारी परीक्षा झाली. त्या शुक्रवारी, बारावा संगणकही बोटीने येऊन पोचल्यावर, बाईंनी आणखी एक काम केले. माझ्यातल्या सगळ्या गोष्टींच्या प्रती त्यांनी बाराही संगणकांवर वाटून उतरवल्या, एकेक गोष्ट निदान दोन ठिकाणी. पोरांनी बारा वेगवेगळ्या गोष्टी एकदम लावल्या. खोलीभर सालोंगोच सालोंगो! नालोंगो दारात उभी राहून ओरडली, "अहो, एकेकाने बोला!" आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची शेवटी एकच विनवणी असते, की आम्हाला जपा. मला जपाल तर मी आनंदाने फिरत राहीन. पण माझ्यावर एकटीवर विसंबू नका. तुमच्या घरात कोणाचा लाडका आवाज एकाच डबीत असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करा. मीही एका सकाळी नुसती कण्हेन आणि फिरणार नाही. मला त्याची भीती उरलेली नाही. त्या सकाळीही पोरे संगणक लावतील आणि सालोंगो गोष्ट अर्धी टाकून हसत सुटेल.