तळव्यांचा रंग

निकानोरने मातीची बाई दोन्ही हातांनी उचलली, बाहीने तिचा खांदा पुसला आणि तिथे जीभ लावली.

संग्रहालयातून आलेल्या आरिओलाबाईंनी नाक मुरडलं.

“बाई, जुनी माती तहानलेली असते,” निकानोर म्हणाला. “जिभेला धरून ठेवते. नवी लगेच सोडते.”

चांकायच्या खोऱ्यातली जुनी थडगी उकरून वस्तू विकण्यात त्याचा जन्म गेला होता. गुडघे गेले तसा तो सज्जन झाला, आणि सरकारी माणूस आला की गाव त्यालाच पुढे करू लागलं.

एउदोसिया चुलीपाशी उभी होती. रताळी करपत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी तिची आठ महिन्यांची एर्मेलिंदा गेली, त्याच आठवड्यात कालवा खणताना नवऱ्याला, तेओफिलोला, ही हात पसरलेली बाई सापडली. जुने लोक आपल्या मेलेल्यांसोबत अशा बाया पुरत. त्याने ती घरी आणून फळीवर ठेवली आणि दोघंही तिला लिंदा म्हणू लागले. आज ती जुनी ठरली, तर पेटीत बसून लिमाच्या संग्रहालयात जाणार होती.

आणल्यावर महिन्याभरातच तेओफिलोने तिला दाराचा उरलेला हिरवा तेलरंग फासला. पांढरं अंग, डोळ्यांखालच्या काळ्या रेघा, सगळं बुजलं.

“पोरीला दाराचा रंग लावलास?” हे एउदोसियाने त्याला घरात ऐकवलं, बाजारात ऐकवलं, चर्चच्या पायरीवर ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तरी तिचं पुरतं थांबलं नव्हतं.

निकानोरची जीभ पाठीवर गेली, गालावर गेली, पसरलेल्या हातांवर गेली. कुठेच चिकटली नाही. मग त्याने लिंदाला उलटी केली. मातीच्या बाईच्या पायांचे तळवे कोणी रंगवत नाही. खरं-खोटं तिथे कळतं. त्याने जीभ लावली आणि काढली.

“इथेही रंग.”

“तळव्यांना कोण रंग लावतं?” आरिओलाबाईंनी विचारलं.

“माझा नवरा,” एउदोसिया म्हणाली. “अक्कल कमी होती आणि रंग फार उरला होता.”

बाई हसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना आणखी दोन गावं उरकायची होती. ‘अलीकडची नक्कल’ असं लिहून त्यांनी वही मिटली आणि त्या बाहेर पडल्या.

निकानोरने लिंदाला फळीवर ठेवलं. जायचं सोडून तो तिथेच घुटमळला.

“जीभ लावून बघायला त्याला मीच शिकवलं होतं, वहिनी. रंगावर ती चिकटत नाही, हे त्याला ठाऊक होतं.”

एउदोसिया चुलीपुढे बसली आणि तिने रताळी बाहेर ओढली. रताळ्यांचा कोळसा झाला होता.

“मग त्याने मला का नाही सांगितलं? मी काय चव्हाट्यावर बोलले असते?”

“चव्हाट्यावरच तर बोललीस. अडतीस वर्षं! तुझी बडबड ऐकूनच गावाला पटलं, की या घरातली वस्तू कवडीमोलाची. एकाही चोराने इकडे फिरकून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.” त्याने टोपी घातली. “तुला ठाऊक असतं, तर एवढ्या पोटतिडकीने शिव्या दिल्या असत्यास?”

एउदोसियाला रडू आलं. तोंड दाबून ती रडली, कारण गल्लीत आरिओलाबाईंचा आवाज अजून येत होता. त्या शेजारणीशी बोलत होत्या.

तिने डोळे पुसले. उठून दारात गेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

“वाटोळं केलं त्या माणसाने! चांगल्या वस्तूचं वाटोळं केलं!”

आवाज नेहमीसारखाच चढला होता. फक्त तिला दाराची चौकट धरावी लागली.