दाराचा टब

"गाडी इथपर्यंतच," असं म्हणून टेम्पोवाला खाली उतरला आणि त्यानं पुढच्या चाकाला एक लाथ घातली, जणू रस्ता चाकानंच संपवला होता.

"होम डिलिव्हरी म्हणजे घरापर्यंत," उमेश म्हणाला. "आमचं घर त्या टेकाडावर आहे."

"दिसतंय की घर. मग झाली डिलिव्हरी."

कंपनीच्या बाईनं फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, सर, मोखाडा असो की मुंबई, घरपोच, शिवाय फिटिंगला माणूस. फिटिंगचा माणूस टेम्पोतच होता. त्यानं काचेतून पायवाट पाहिली, मग स्वतःचे बूट पाहिले आणि काच वर केली. उमेशची कानशिलं तापली. पाड्याच्या रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालं होतं, वेगवेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते. पूजेत काही म्हणता काही कसर राहिली नव्हती. रस्ता तेवढा राहिला होता.

टब त्याच्या आईसाठी होता. गेल्या पावसाळ्यात रुपीबाई झऱ्यावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. आत सळई घातल्यावर ती भिंत धरून चार पावलं चालू लागली, पण न्हाणीच्या दगडावर बसणं संपलं. सून सुनिता तिला खुर्चीवर बसवून आंघोळ घाली. रुपीबाई अंगावरचं लुगडं सोडत नसे. पुढं तिनं आंघोळच सोडली.

"मेल्यावर घालाल तेव्हा घाला," ती म्हणाली. "तेव्हा मला लाज नसंल."

हे वाक्य उमेशच्या डोक्यातून जाईना. जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी तो. शोधशोध करून त्यानं दाराचा टब शोधला. चालत आत जायचं, दार लावायचं, बसायचं, मग पाणी भरायचं. पाय उचलायला नको आणि कुणी हात लावायला नको.

पाड्यातले जिवा, सोम्या, लक्ष्या आणि आणखी काही जण डोली घेऊन खाली आले. जड वस्तू वर न्यायची पाड्याची एकच पद्धत होती, आजारी माणसाला खाली न्यायची तीच. टब आडवा करून पांढऱ्या वेष्टनासकट त्यांनी बांबूला बांधला.

"गुरुजी, याला दार कशाला?" जिवानं विचारलं.

"आत जायला."

"आन् भायेर याला?"

"तेच."

"मंग एक खिडकी पन मागाची ना," सोम्या म्हणाला. "घरकुल पुरा झाला असता."

उमेश हसला नाही. नळांचं खोकं डोक्यावर घेऊन तो मागून चढू लागला, आणि तक्रारीत कुणाकुणाला घ्यायचं ते ठरवू लागला. चढ वाढला तसा तो मागं पडत गेला.

डोली खाली जाते ती आजाऱ्याला घेऊन. वर येते ती रिकामी, नाहीतर झाकलेली. हे पाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. गुरुजींना मात्र त्या दिवशी आठवलं नाही.

शेजारच्या काळीनं अंगणातून पाहिलं.

"डोली आली गं! पांढरी!"

"सकाळी खाली कोन गेलता?"

"उमेश गुरुजी."

काळीनं डोळ्यांवर हात धरून पुन्हा नीट पाहिलं. "कवढा फुगला गं बाय!" असं म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून घराघरातून बाया धावल्या.

धापा टाकत उमेश वर पोचला, तेव्हा काळी त्याचे गुण सांगून रडत होती. त्यातले निम्मे त्याला पहिल्यांदाच कळत होते. ओझं वाहणाऱ्यांचं कुणी ऐकेना; ते डोली खाली ठेवून तोंडात मारल्यासारखे उभे होते.

"टब आहे! अहो, टब!" तो ओरडला. "इथं टब आणायलासुद्धा माणसानं मरायचं का?"

रुपीबाई उंबरठ्याबाहेर मातीत बसली होती, केस सुटलेले. इतक्या महिन्यांत तिनं उंबरठा ओलांडला नव्हता. तो जवळ येताच तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं. मग पाठीत एक गुद्दा घातला.

"आवई उठली, आयुष्य वाढला," काळी डोळे पुसत म्हणाली. सूर जरा हिरमुसलेलाच होता. "पर रडलो ते रडलो. आता अंगोळ केल्याबिगर घरात कसा जायाचा?"

यावर बायांत दुमत नव्हतं. मेलेल्यावर रडलं की आंघोळ करायची. मेलेला मेला होता की नाही, हे कुणी विचारत नाही.

"मी आई," रुपीबाई म्हणाली. "माझी पयली." तिनं टबाकडे पाहिलं. "पानी तापवा."

टब अंगणातच उभा केला. ती दारातून आत गेली आणि बसली. दाराचा खटका तिनंच लावला. बायांनी हंडे ओतले, कोरडं लुगडं कडेवर टाकलं आणि पाठी फिरवून भोवती गोल उभ्या राहिल्या.

"सुनिते, तूबी तोंड फिरव."

पुरुषांची रवानगी घरामागं झाली. तिथं उभ्या उभ्या उमेशनं तक्रार रचायला घेतली, कंपनीपासून थेट वरपर्यंत. पलीकडे तांब्या वाजत होता. मध्येच थांबे, पुन्हा वाजे. आवाज बराच वेळ चालला. मग लुगड्याची सळसळ ऐकू आली आणि त्याला एकदम सूचना आठवल्या.

"आये, आधी बूच काढ, मग दार–"

खटका उघडला. बाया किंचाळल्या आणि लगेच खदाखदा हसू लागल्या. त्यात रुपीबाईचा आवाज चढला:

"झाली ना गं सगळ्यांची अंगोळ? जा आता घरात!"

साबणाचं पाणी घराला वळसा घालून आलं. जिवानं चटकन डोली उचलून भिंतीवरच्या खुंटीला टांगली.

"दोर भिजाया नको, गुरुजी. कवा लागंल त्याचा नेम नाय."

 पाणी उमेशच्या चपलेत शिरलं. ते अजून कोमट होतं. त्यानं पाय काढला नाही.