भिंतीवरची प्रार्थना

रोज सकाळी दहा वाजता अनीश साळवे पांढरा शर्ट घालून, टाय बांधून, खिशावर ‘एल्डर साळवे’ अशी मिशनरींची काळी नावपट्टी लावून आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायचा. सावेडीतलं त्यांचं घर दोनच खोल्यांचं. तो बसला की आई स्वयंपाकघरातला मिक्सर लावायची नाही, आणि शहरालगतच्या नागापूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले वडील बाहेरच्या खोलीत आवाज न करता झोपायचे. पोरगं मिशनरी व्हायला शिकतंय, तेही चिनी भाषेत, याचं दोघांनाही कौतुक नव्हतं. पण त्यांनी त्याला अडवलं नव्हतं.

घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्तीच, पण पुण्यात डिप्लोमा करताना अनीश मॉर्मन चर्चमध्ये जाऊ लागला आणि तिथंच त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आता दोन वर्षांसाठी तैवानला जायचं पत्र आलं होतं. व्हिसा मिळेपर्यंत प्रशिक्षण घरूनच होतं. पडद्यावर सहा चौकोन, सहा मुलं. शिकवायला तैवानहून लिन बाई. मुलांच्या जोड्या लावलेल्या होत्या आणि अनीशचा जोडीदार होता फिलिपिन्सचा रामोस. गोलसर चेहऱ्याचा, एकोणीस वर्षांचा, प्रत्येक वाक्याआधी "सॉरी" म्हणणारा.

तासाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने व्हायचा, आळीपाळीने, चिनीतच. लिन बाईंचा नियम एकच होता. येतील तेवढेच शब्द वापरायचे, पण स्वतःचे. पाठ करायचं नाही, वाचायचं नाही.

पहिल्या आठवड्यात अनीशची पाळी आली. "छिन-आय द थ्येन-फू," म्हणजे प्रिय स्वर्गीय पित्या, एवढं म्हणून तो थांबला. पुढचा शब्द येईना. पाच मुलं डोळे मिटून वाट बघत होती. शेवटी त्याने कसंबसं आमेन म्हटलं. पॉलिटेक्निकात तो कधी दुसरा आला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याने जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अख्खी प्रार्थना देवनागरीत लिहून काढली. स्वर चढला की वर बाण, पडला की खाली बाण. चमच्यातला च कुठला आणि चहातला च कुठला, तेही खुणा करून ठेवलं. पान लॅपटॉपच्या मागच्या भिंतीला चिकटवलं, बरोबर डोळ्यांच्या रेषेत. कॅमेऱ्यात ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि प्रार्थनेत त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

पुढच्या पाळीला लिन बाई खुर्चीत सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "एल्डर साळवे, इतके स्वच्छ उच्चार मी दुसऱ्या आठवड्यात कधी ऐकले नाहीत." त्यानंतर कुणी अडखळलं की त्या त्याचं नाव घ्यायच्या. अनीश दर दोन-तीन दिवसांनी नवं पान लिहायचा. प्रार्थना लांब होत गेल्या, त्यात आजारी लोक आले, प्रवासी आले, लिन बाईंची आईसुद्धा आली.

चौथ्या सोमवारी तो असाच प्रार्थना म्हणत होता. पडद्यावर सगळ्यांचे डोळे मिटलेले. वाचता वाचता त्याची नजर पानावरून जराशी सरकली आणि बाजूच्या दारात आई दिसली.

सत्यशीलाबाई धुतलेले कपडे ठेवायला आल्या होत्या. प्रार्थना चाललीय म्हणून त्या दारातच थांबल्या होत्या, मान झुकवून. मग त्यांनी वर पाहिलं. मुलाचे डोळे टक्क उघडे, भिंतीवर. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पुन्हा मुलाकडे. अनीश थांबू शकला असता. पण तो शेवटच्या बाणापर्यंत वाचत गेला, आमेन म्हणाला, आणि लिन बाईंनी "फार छान" म्हटलं तेव्हा दार रिकामं होतं.

त्याला गेल्या वर्षीचा नाताळ आठवला. जेवणाआधी आईने नेहमीसारखं घरच्या जुन्या चर्चचं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं होतं. मावशी होती, काका होते. हा पुण्याहून नवा विश्वास घेऊन आला होता. "हे वाचणं झालं, आई," तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "प्रार्थना नव्हे." आईने पुस्तक मिटलं होतं आणि चार शब्द आपल्या मनाने म्हटले होते, चाचरत. त्या दिवसापासून ते पुस्तक जेवणाच्या टेबलावर आलं नाही. आपण आईला काहीतरी दिलं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

दुपारी दोघंच जेवायला बसले. आईने भाकरी वाढली.

"डोळे उघडे होते तुझे," मग ती म्हणाली.

"भाषा नवी आहे गं अजून."

"असू दे की. मी त्याचं म्हणत नाही. त्या बाकीच्या पोरांनी मिटले होते. त्यांना वाटत असंल, तूपण मिटलेत."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. आईने रागावून ताट सरकवलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्याला आणखी भाजी हवी का, ते विचारलं.

संध्याकाळी लॅपटॉपवर रामोसचा व्हिडिओ कॉल आला. दोघांनी रोज अर्धा तास एकत्र अभ्यास करायचा, असा नियम होता. पण रामोसने वही उघडली नाही. इंग्रजीत म्हणाला, "सॉरी. मी चर्चच्या ऑफिसला पत्र लिहिलंय. मला इंग्रजी चालेल तिथं पाठवा म्हणून."

"का?"

"मला हे जमत नाही. तुला जमतं. मी देवाला विचारलं, त्याने मला मदत केली नाही. म्हणजे त्याला मी तिथं नको असेन." त्याने खुर्ची पुढे ओढली. "तू काय करतोस, ते एकदा सांग. किती वाजता उठतोस?"

सराव करतो, असं म्हणायला अनीशने तोंड उघडलंही होतं. तेच उत्तर त्याने यापूर्वी दोनदा दिलं होतं. मग त्याने लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा भिंतीकडे वळवला.

रामोसला ती लिपी कळली नाही. बाण कळले.

"प्रत्येक वेळी?"

"पहिली सोडून प्रत्येक वेळी."

रामोसने समोरची बंद वही बाजूला सरकवली. "मी रागावलो नाही," तो म्हणाला. "पण मला तुझ्यासारखं कर, अशी मी तेरा दिवस प्रार्थना केलीय." आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने सॉरी न म्हणता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला अनीशने हात वर केला आणि चिनीतच सांगायचं ठरवलं. त्याच्याकडे शब्द होते मोजून सहा-सात. "मी बघतो. कागद. प्रार्थना नाही, कागद. माफ करा." सगळे स्वर चुकले. वर्गातल्या टोंगा बेटांवरच्या मुलाला वाटलं, तो काही विनोद सांगतोय, आणि तो हसला. तेव्हा अनीशला सगळं पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं, एकेक गोष्ट, कॅलेंडरच्या पानांसकट. लिन बाईंनी चष्मा काढून पुसला.

"माझ्या आईसाठी म्हटलेली प्रार्थना?" त्यांनी विचारलं.

"तीपण."

त्यांनी मान हलवली. ओरडल्या नाहीत. "आजची प्रार्थना तुम्हीच करा," एवढंच म्हणाल्या. त्याने डोळे मिटले. तीन वाक्यं झाली, त्यांतलं एक चुकीचं. त्यानंतर त्या कुणाला त्याचं उदाहरण देईनाशा झाल्या.

शुक्रवारी रामोसच्या पत्राला उत्तर आलं. त्याची बदली त्याच्याच देशातल्या एका बेटावर झाली होती. मी पत्र मागे घेऊ का, असं त्याने अनीशला विचारलं नाही, आणि घे म्हणायचा अधिकार आपल्याला आहे असं अनीशलाही वाटलं नाही. सोमवारी पडद्यावर पाचच मुलं होती.

तास संपल्यावर आई खोलीत आली आणि पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालू लागली.

"तो गोल तोंडाचा दिसला नाही आज."

"गेला. दुसरीकडं पाठवलं त्याला."

"तुझ्यामुळं?"

भाषा अवघड होती, रामोस आधीपासूनच घाबरट होता, हे सगळं खरं होतं आणि सांगता आलं असतं.

"बरंचसं," तो म्हणाला.

आईने शर्टाची बाही सरळ केली. "तिथला पत्ता घेतलास का त्याचा?"

"नाही."

"घे," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट उचलला.