उचललेला पाळणा

कुईं...

सामसूम घरात माझी कडी वाजली. सुगंधानं झोका दिला होता. मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे, आणि रिकामा आहे. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, पण लहान पोरीला ते कोण सांगणार?

जुन्या जालन्यात कडूबा सुताराने मला सागवानात घडवलं, एका जर्मन नर्सबाईंच्या लहानशा दवाखान्यासाठी. बाईंना मराठी थोडंच यायचं. मदतीला सुगंधाची आई द्वारकाबाई होती. बाळ रडलं की बाई म्हणायच्या, 'हेब आउफ', म्हणजे उचल. धुतलेली झबली दाखवूनही तेच म्हणायच्या. द्वारकाबाई ती उचलून तशीच उभी राहायची, आणि बाई हसत पेटी उघडायच्या. मग त्यांनीच समजावलं. 'आउफ' म्हणजे वर, 'हेबन' म्हणजे उचलणं. जोडून झालं 'आउफहेबन'. उचलणं आणि जपून ठेवणं, दोन्हीला एकच शब्द. कुणाला काम सांगताना मात्र 'आउफ' सुटून शेवटी, मागं जातो.

"आईमागं रेंगाळणाऱ्या लेकरावानी," द्वारकाबाई म्हणाली.

पुढं विलायतेत जर्मनांशी लढाई पेटली. दवाखाना मोडीत काढायचा हुकूम हैदराबादहून आला. मोडीत काढणं, यालाही आमच्याकडं तोच शब्द, असं बाईंनी खाली मान घालून सांगितलं. शिपाई त्यांना न्यायला आले, तेव्हा त्या माझ्यावर हात ठेवून द्वारकाबाईला म्हणाल्या, 'हेब...' 'आउफ' ऐकू आला तो टांग्यातून.

द्वारकाबाईला दिवस गेले होते. तिनं मला घरी आणलं. दवाखान्याचा कारकून रखमाजी दारात येऊन म्हणाला, "पाळणा उचललास म्हन की."

आपल्या बोलीत उचलणं म्हणजे चोरीसुद्धा.

"उचलला न्हाई. जपला," ती म्हणाली. तो हसत गेला, पण त्यानंतर गल्लीत तिला कुणी कामाला बोलावलं नाही.

तिला मुलगा झाला. माझ्यात झोपला, दुपट्यातून पाय बाहेर काढून. बसायला लागला तोच पटकीची साथ आली. एका सकाळी दारात माणसं जमली, आणि गल्लीतले म्हातारे रामकिसन हळूच म्हणाले, "उचला आता. ऊन व्हायच्या आत."

मित्रांनो, जे उचलाल ते जपा. मी लाकूड आहे, मला एवढंच सांगता येतं.

माझा झोका थांबला. सुगंधा आईजवळ गेली.

"आई, बाईच्या बोलीत उचलणं म्हंजे जपून ठिवणं ना?"

"हो."

"मंग बाळाला उचललं त्यांनी. कुठं ठिवलंय जपून?"