तळाशी बसलेला मदतनीस

लसीच्या बाटलीत तळाला पांढरा थर दिसतो ना, तो मी. कूळ सांगायचं तर तुरटीचं. तुमच्या घरी गढूळ पाण्यात फिरवतात ती तुरटी माझी थोरली बहीण. मला मात्र कारखान्यात घडवलं आणि धनुर्वाताच्या लसीत घातलं.

लसीतलं मुख्य द्रव्य म्हणजे त्या रोगाचंच विष, पण त्याचा घातकपणा काढून घेतलेला असतो. ते एकटं शरीरात गेलं तर चटकन पांगतं. शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. मी त्याला सुईच्या जागी धरून ठेवतो. मग अंगातले राखणदार जमतात, त्याला निरखतात आणि पक्कं ओळखून ठेवतात. मी स्वतः कुठलाच रोग टाळू शकत नाही. डॉक्टर मला ‘अ‍ॅडज्युवंट’ म्हणतात, म्हणजे मदतनीस.

१९७६ च्या उन्हाळ्यात शेवंताबाई नर्स मला थर्मासात घालून दौंडहून भांडगावला आल्या. साळूबाईंची सून चांगुणा सात महिन्यांची गरोदर होती. तिचं पहिलं लेकरू आठ दिवसांचं होऊन गेलं होतं. दातखीळ बसली, दूध ओढेना, अंग धनुष्यासारखं वाकलं. तेव्हापासून साळूबाई कुणाला सुनेजवळ फिरकू देत नव्हत्या.

शेवंताबाईंनी बाटली बाहेर काढली आणि साळूबाईंची नजर नेमकी माझ्यावर पडली.

“बाई, हे तर नासलंय! खाली गाळ बसलाय. असलं माझ्या सुनंच्या अंगात घालू नका.”

“मावशी, गाळ न्हाई त्यो. औषधाला धरून ठिवणारा हाय. म्हून तर हलवून द्यावं लागतं.” शेवंताबाईंनी बाटली हलवली. मी वर उठलो आणि सगळं औषध दुधाळ झालं. “आईच्या अंगात ताकद येती, ती नाळंतनं लेकराला मिळती.”

“आन् पोटातल्याला काय झालं म्हंजी?”

शेवंताबाई काही बोलण्याआधीच चांगुणा दारातून पुढं आली. एरवी सासूपुढं तिचा शब्द निघत नसे.

“आत्या, मागल्या बारीला सुई न्हवती घेतली. तरी गेलंच की माझं लेकरू. आता घेऊन बघू द्या.”

साळूबाई बाजूला सरकल्या. चांगुणानं पदर सारून दंड पुढं केला. सुई टोचली तरी तिनं तो मागं घेतला नाही.

दंडात माझी बारीक, ठणकती गाठ झाली. काम करता करता ती त्यावर हळूच बोट ठेवायची. महिन्याभरानं शेवंताबाईंनी दुसरी सुई दिली. त्या वेळी माझा एक भाऊबंद आत आला.

पोरगी झाली. आठव्या दिवशी साळूबाई सकाळपासून तिला मांडीवरून खाली ठेवीनात. पुन्हा पुन्हा तोंडाकडं बघत होत्या. शेवटी भीतभीतच त्यांनी करंगळी ओठांत सरकवली. पोरीनं ती धरली आणि अशी जोरात चोखायला लागली, की साळूबाईंना रडू फुटलं.

“चांगुणा, आगं घे हिला! भूक लागलीय हिला.”

माझी गाठ तोवर जवळजवळ विरली होती. त्या घरात माझं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मदतनिसाचं असंच असतं आणि मला त्याचा राग नाही. आता माझा निरोप घ्या. फक्त तुमच्या दारी सुईवाली बाई आली, तर तिला आधी सावलीत बसवा आणि मनात येईल ते बिनधास्त विचारा.