अर्धा पासवर्ड तुझा, अर्धा माझा

मागच्या वर्षी सरकारी अनुदानातली गुलाबपाण्याची नवी भट्टी वरच्या गावच्या बायकांनी नेली. अनुदान निघालं कधी, मुदत संपली कधी, आम्हाला पत्ताच नाही. आमच्या सहकारी संस्थेचे कागद तुडा सांभाळते आणि वरच्या गावात तुडाचा सख्खा दीर राहतो. मी नुसती नावाची अध्यक्ष नाही, मला कळतं सगळं.

आमच्या भट्टीचं तांब्याचं भांडं चिरलंय. कणीक लिंपून वाफ अडवायची, ती तरी किती? यंदा नवी भट्टी मिळाली नाही तर दादेस नदीकाठचे सगळे गुलाब दलालाच्या घशात.

म्हणून तुडाला घेऊन हनानच्या सायबर कॅफेत गेले. अनुदान निघालं की आपोआप ईमेल येतो म्हणे. हनानने संस्थेच्या नावाने नवा ईमेल उघडला. पासवर्ड मात्र आमच्या गुलाबतेलाच्या कपाटासारखा ठेवायचा, मी बजावलं. कपाटाला दोन कुलपं, दोघींकडे एकेक किल्ली. तसाच पासवर्डही अर्धा माझा, अर्धा तिचा. एकीने टाकताना दुसरीने भिंतीकडे तोंड करायचं.

"मावशी, ईमेल उघडताय की बँक?" हनान फिदीफिदी हसली.

"तूपण भिंतीकडे बघ," मी म्हटलं.

"बरं. अनुदानाच्या सूचनांसाठी नोंदणी केली. आता एक ईमेल येईल. दोन दिवसांत त्यात 'होय' दाबा, तरच सूचना सुरू होतील."

तेवढ्यात वीज गेली. संध्याकाळी तिकडे वारझाझात शहरात तुडाची लेक बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तुडा गेली. नेमकी आत्ताच कशी?

दुपारी तिचा फोन आला. "अगं इत्तो, सातव्या दिवशी बारसं, तोवर मला निघता यायचं नाही. माझा अर्धा लिहून घे."

"वा! म्हणजे उद्या सगळ्या बायकांसमोर सांगायला मोकळी, इत्तोने एकटीने उघडला म्हणून!"

"मग तुझा मला सांग. जावयाच्या फोनवर उघडते."

"जावयाच्या? बरी आहेस ना?"

"संशयानेच मरशील तू," म्हणून तिने फोन ठेवला.

बारशाची मिठाई घेऊन ती परतली. आळीपाळीने भिंतीकडे बघत आम्ही ईमेल उघडला. 'होय'ची मुदत केव्हाच संपली होती. हनानने पुन्हा नोंदणी केली, 'होय' तिथल्या तिथे दाबलं आणि अनुदानांची यादीच समोर धरली. भट्टीचं अनुदान तुडा गेली त्याच दिवशी निघालं होतं. पाच दिवस खुलं होतं. काल बंद झालं.

"मागच्या वर्षीचंही पाचच दिवस होतं," हनान म्हणाली. "पत्र कुणालाच धाडत नाहीत. ज्यांनी ईमेल लावलाय त्यांनाच कळतं."

तुडा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आता लपवायचं काय?" ती म्हणाली. "माझा अर्धा म्हणजे तुझं नाव, आणि आपण दोघी या गावात सुना होऊन आलो ते साल. विसरायला नको म्हणून. तुझा काय गं?"

माझा होता 'तुडाचोर'.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दिलेली मिठाई माझ्या हातातच राहिली.

"सांगते नंतर," मी म्हटलं. "हनान, पासवर्ड बदलतात कसा, ते आधी दाखव."